बाळंतखोलीची पाटी

गाईड राजकन्यानं दाराला लावलेली जाड दोरी सोडली आणि लातूरहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या मुलींना आत घेतलं. खोली लहान होती. वीसबावीस मुली भिंतीला पाठ लावून दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. मध्ये लाकडी बाज, तिच्यावर पांढरी चादर, कोपऱ्यात पितळी घंगाळ आणि समोरच्या भिंतीवर मोठा करून लावलेला एक जुना फोटो.

“ही गढीतली बाळंतखोली,” राजकन्या पाठ झालेल्या सुरात सांगू लागली. “देशमुख घराण्याच्या तीन पिढ्या इथं जन्मल्या. त्या काळी बाळंतपणं अडाणी सुईणींच्या हातात असत. पण देशमुखांची दृष्टी आधुनिक होती. त्यांनी मिशनच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. फोटोत त्यांच्या हातात दिसतात ते नुकतेच जन्मलेले भुजंगराव, गढीचे सध्याचे वारस. साल एकोणीसशे चौसष्ट.”

“ती बाई बाळंतपनाला आलीच नव्हती.”

आवाज दारातून आला. मुलींनी वळून पाहिलं. धुरपता उंबऱ्याबाहेर उभी होती. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पदर, पायातल्या चपला काढून हातात धरलेल्या. लेक गढीच्या संग्रहालयात गाईड म्हणून लागली त्याला आठ महिने झाले होते, आणि आज पहिल्यांदाच ती लेकीचं काम बघायला आली होती.

“माय, नंतर बोलू,” राजकन्या हळूच म्हणाली.

मुली तोंडावर हात धरून हसल्या. राजकन्यानं उरलेली गढी कशीबशी दाखवली; हत्यारांची खोली, निजामाच्या काळातली सनद, सागवानी जिना. बस नायगावच्या रस्त्याला लागली तशी ती अंगणातल्या दगडी ओट्यावर आईशेजारी येऊन बसली.

“सगळ्यांसमोर कशाला बोललीस?”

“तू सगळ्यांसमोर काहून खोटं बोललीस?”

“मला लिहून दिलंय ते बोलते मी.”

“अडाणी सुईन म्हनलीस. कोन व्हती ती, ठावं हाय का? तुजी आजी.”

आजी गुणाबाई सुईण होती हे राजकन्याला माहीत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर असायची ती खालच्या मातंग वस्तीतली, फार तर गावातल्या गरिबाघरची बाळंतपणं. गढीचं नाव घरात कधी निघालंच नव्हतं.

धुरपता ओट्यावरच्या धुळीत बोट फिरवत सांगू लागली. नवी सून होऊन आली त्याच साली सासूनं तिला हाताखाली घेतलं होतं. भुजंगरावांच्या वेळी देशमुखीण दोन दिवस अडली. पोर पोटात आडवं होतं. गुणाबाईनं तेलाचा हात पोटावरून फिरवून फिरवून ते सरळ केलं.

“नाळ म्या कापली. पंधरा वर्साची व्हते. मी सासूकडंच बघत व्हते. सासू म्हनली, माझ्याकडं बघू नको, नाळंकडं बघ.”

“आणि डॉक्टरीण?”

“बारशाला आली, मोटारीतून. च्या पिली, पोर हातात घेतलं, फोटू काढला, गेली.”

नांदेडला इतिहासात एम.ए. करताना तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती : कुठलाही कागद वाचताना तो कुणी लिहिला ते आधी विचार. आठ महिने, दिवसाला तीन तीन घोळके, आणि प्रत्येकासमोर ती आपल्याच आजीला अडाणी म्हणत आली होती. संताप आला तो आधी स्वतःचाच.

“तू आधी का नाही सांगितलंस मला?”

“तू इथं काय बोलतीस ते मला काय ठावं? आज ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी ती गुरुपादप्पा सरांच्या टेबलापुढं उभी राहिली. देगलूरकडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले सर संग्रहालयाच्या ट्रस्टचे सचिव होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तुझ्या आईवर माझा अविश्वास नाही. पण संग्रहालय आहे हे. तोंडी गोष्टींवर मजकूर बदलता येत नाही. पुरावा लागतो.”

“आत्ता जे लिहिलंय त्याला काय पुरावा आहे, सर?”

“फोटो आहे की.”

“मग फोटो बघा.”

तिनं त्यांना बाळंतखोलीत नेलं. सरांनी भिंग आणलं होतं. फोटोतल्या बाळाच्या डोक्यावर जरीची कुंची होती, डोळ्यांत काजळ, गालाला तीट आणि दोन्ही मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या.

“नुकतंच जन्मलेलं बाळ असं असतं? मनगट्या तुमच्याकडे कधी घालतात, सर?”

“बारशाला,” सर म्हणाले. भिंग बाळाच्या मनगटावरून डॉक्टरीणबाईंच्या इस्त्रीच्या बाह्यांवर गेलं आणि तिथं थांबलं. मग त्यांनी ते खिशात घातलं.

“पुण्याला भुजंगरावांना पत्र लिहितो,” ते म्हणाले. “आजच लिहितो.”

सव्वा महिन्यानं नांदेडहून नवी पाटी आली. काळ्या ॲक्रिलिकवर सोनेरी अक्षरं, खाली भुजंगरावांची सही. डॉक्टरीणबाईंचा मजकूर गेला होता. भुजंगराव रविवारी स्वतः येणार होते आणि धुरपताच्या हातून पाटीचं अनावरण होणार होतं. गुरुपादप्पा सरांचा चेहरा फुलला होता. राजकन्यानं पाटीचा फोटो घेतला आणि संध्याकाळी धावतच घर गाठलं.

धुरपता दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. राजकन्यानं फोन समोर धरून वाचलं :

“‘गुणाबाई. देशमुख घराण्याच्या तीन पिढ्यांच्या सुईण. गढीत त्यांना घरातल्याच माणसासारखं मानलं जाई.’”

“फिरून वाच. शेवटचं.”

राजकन्यानं वाचलं. धुरपताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“धा दिवस आमी त्या खोलीत व्हतो. बाळंतिनीचं समदं आमीच केलं. जेवन पत्रावळीवर, लांबून सरकवलेलं. पानी वरून वंजळीत. धाव्या दिशी निघालो तव्हा गड्यानं फावडं आनलं. जमीन शेनानं सारवलेली व्हती ना? सासू बसायची ती जागा तेवढी खरडून काढली. ते ढेकळं आमच्या मागं आनून टाकले, उकिरड्यावर. मी वळून बघितलं. सासू म्हनली, बघू नको, चाल.”

राजकन्याचा आवाज चढला. “मग रविवारी जायचंच नाही. मी सांगते सरांना. असली पाटी त्यांनी त्यांच्या दिवाणखान्यात लावावी!”

“जायचं न्हाई कसं? जाते की मी.” धुरपतानं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “माझ्या हातानं उघडायची हाय म्हनले ना?”

रविवारी गढीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. भुजंगराव पांढऱ्या कुडत्यात, साठीचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वाकून धुरपताच्या पायांना हात लावला तेव्हा कॅमेरे पुढं सरसावले. शाल झाली, नारळ झाला. पाटीवरचा पडदा धुरपतानं एका हिसक्यात ओढला.

“आज मला दुसरी आई भेटली,” भुजंगराव भाषणात अगदी मनापासून म्हणाले. मग त्यांनी माईक धुरपतापुढं धरला. “मावशी, दोन शब्द बोला.”

धुरपतानं माईककडं न बघता त्यांच्याकडं बघितलं.

“गुणाबाई घरातली नव्हती. ती बसली ती जमीन खरडून टाकली तुमच्या घरच्यांनी. पाटीवरली शेवटची वळ तेवढी काढा.”

भुजंगरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

“मावशी, ती त्या काळची रीत होती. आता त्याचं काय?”

“मग रीतच लिवा.”

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ती चुकीच्या जागी झाल्याचं लक्षात येऊन थांबली. चहा आला. भुजंगराव दुपारच्या आतच निघून गेले आणि पाटी होती तशी राहिली. धुरपतानं शाल घडी करून गुरुपादप्पा सरांच्या टेबलावर ठेवली.

सोमवारी संग्रहालय बंद असे. मंगळवारी दार उघडल्याबरोबर धुरपता आली, सरळ बाळंतखोलीत गेली, दोरी ओलांडली आणि बाजेच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून खाली बसली. जमिनीवर आता गुळगुळीत शहाबादी फरशी होती. राखणदार भागवत धावत आला.

“आजी, उठा. इथं बसायला मनाई हाय.”

“ती पाटी वाच.”

भागवतनं वाचली.

“घरातल्या मानसाला घरात बसाया मनाई हाय का?”

भागवत कचेरीत गेला. तो सरांना बोलावून घेऊन आला. सरांनी पाटीकडं पाहिलं, धुरपताकडं पाहिलं आणि परत गेले.

ती संध्याकाळपर्यंत बसली. बुधवारीही आली, गुरुवारीही. लोक तिला विचारत, आणि जो विचारील त्याला ती सांगे. आवाज चढवत नसे. जमीन कुठून कुठवर खरडली ते फरशीवर हात फिरवून दाखवी. हदगावचं एक कुटुंब तिच्यासमोर तासभर बसून राहिलं. निघताना त्यातल्या म्हातारीनं पाटीकडं बघून तोंड फिरवलं. राजकन्या घोळके घेऊन यायची, दारात उभी राहायची, आणि या एका खोलीत एकही शब्द बोलायची नाही.

गुरुवारी दुपारी पुण्याहून फोन आला. राजकन्या नेमकी कचेरीत होती. भुजंगरावांचा आवाज टेबलाच्या अलीकडंही ऐकू येत होता. गढीची बदनामी चालली आहे, लोक फोनवर काय काय टाकतायत, त्या बाईंना आजच्या आज उठवा.

“उठवतो,” गुरुपादप्पा सर म्हणाले. “फक्त कारण लेखी कळवा. पाटीवर घरातल्या म्हणून लिहिलंय, आणि पाटीवर सही तुमची आहे. तोंडी गोष्टींवर मी काही करू शकत नाही.”



“ती ओळ काढून टाका,” भुजंगराव अखेर म्हणाले.

“काढतो. तिथं काय लिहू?”

फोन बंद झाला. सरांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला. पस्तीस वर्षं शाळेत काढलेला हा माणूस आजवर कुणा मालकाशी असं बोलला नव्हता. त्यांनी खणातून कोरे कागद काढले, राजकन्याच्या हातात दिले आणि पुढं चालू लागले.

बाळंतखोलीत येऊन त्यांनी दोरी बाजूला केली. गुडघे दुखत असतानाही भिंतीचा आधार घेत ते धुरपतासमोर फरशीवर बसले.

“बाई, पाटी नव्यानं करायची आहे. तुम्ही सांगा. सगळं सांगा. राजकन्या लिहून घेईल.”

धुरपतानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. हा माणूस खाली बसला आहे, याची खात्री करून घेतल्यासारखं. राजकन्यानं मांडीवर कागद घेतला आणि वर मधोमध ‘गुणाबाई’ असं लिहिलं.

“काय लिवलंस?”

“आजीचं नाव.”

“ते न्हवं तिचं नाव. ते गढीनं ठिवलं.” धुरपता भिंतीपासून पुढं सरकली. “मोठ्या मालकिनीचं नाव अयोध्याबाई. तुजी आजी पहिल्यांदा गढीत कामाला आली तव्हा तिला नाव इचारलं. ती म्हनली, अयोध्या. मालकीन म्हनली, माझं नाव तुला कसं चालंल? तू गुणा. मग समदं गाव गुणा म्हनू लागलं. तिचा नवराबी.”

राजकन्याचं पेन कागदावर टेकून राहिलं. शाईचा बारीक ठिपका पसरत होता.

“मग तिला तिच्या नावानं कुणी हाक मारलीच नाही?”

“म्या मारली. मरायच्या टायमाला, एकडाव.” धुरपतानं फरशीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. “डोळे मिटून पडली व्हती. उघडून बघितलं तिनं, कोन म्हनलं म्हनून.”

राजकन्यानं लिहिलेलं नाव खोडलं. गुरुपादप्पा सरांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो पुसायचं त्यांना सुचलं नाही.