डब्याच्या आतला माणूस

रुपरावांनी एका सकाळी जाहीर केलं, की डब्याच्या छताचा पत्रा धरणारे सगळे रिपिट, म्हणजे रिव्हेट, ते काढणार आणि नवे मारणार. प्रेमिला तेव्हा मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. नवऱ्याच्या घोषणेला लगेच मान वर केली की ती घोषणा पक्की होते, एवढं ती अडतीस वर्षांत शिकली होती.

डबा म्हणजे नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घराशेजारच्या बोळीत ताडपत्रीखाली उभं असलेलं दोन चाकांचं घर. जीपच्या मागे जोडायचं, आत दोन बाक, एक ओटा आणि एक खिडकी, जी उघडली की बंद व्हायची नाही. मुलीच्या, अपेक्षाच्या जन्माच्या वर्षी रुपरावांनी कामठीच्या लष्करी लिलावातून त्याचा सांगाडा आणला होता. एसटीच्या वर्कशॉपात ते बसच्या अंगावर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवायचे, त्यामुळे वरचं घर बांधायला कोणाला सांगायची गरज पडली नाही. ते आणि त्यांचा जोडीदार प्रेमानंद, दोघांनी अकरा रविवारांत डबा उभा केला. मग दरवर्षी मागून आणलेली जीप, पुढे माणसं, मागे डबा. नवेगावबांध, तोतलाडोह, एकदा तर पचमढी. पचमढीच्या घाटात जीपनं हात टेकले तेव्हा प्रेमानंद खाली उतरून डब्याच्या पाठीवर थापा मारत त्याला म्हशीसारखा वर चढवत होता, आणि प्रेमिला आत बसून रोडग्यांचं पीठ सांभाळत होती. त्या घाटात कणीक आपोआप मळली गेली, हे ती अजून सांगते.

आता छत गळत होतं. छत आणि भिंत जिथं भेटतात त्या ओळीतून पाणी उतरायचं आणि आतलं लाकूड सडायचं. मे महिन्यात अपेक्षा पुण्याहून येणार होती, आठ वर्षांच्या गार्गीला घेऊन, आणि गार्गीला नवेगावच्या तळ्याकाठी डब्यात झोपायचं होतं. आजोबांनी फोनवर हो म्हणून टाकलं होतं.

अडचण छताची नव्हतीच. अडचण रुपरावांच्या उजव्या हाताची होती. तो हात थरथरायचा. डॉक्टरांनी गोळी दिली होती, गोळी बिचारी आपल्या परीनं करत होती. अपेक्षाला यातलं काही सांगायचं नाही असा रुपरावांचा दंडक होता, कारण तिला कळलं असतं तर तिनं दोघांना उचलून पुण्याच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं असतं. आणि दुसरं कारण ते बोलत नसत. रिपिट मारू न शकणारा रुपराव म्हणजे नेमका कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरात या विषयावर एक शब्द निघत नसे. प्रेमिला चहाचा कप अर्धाच भरायची, आणि तो अर्धा का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शेजारच्या वामनरावांनी सुचवलं, की आजकाल पॉप रिपिट मिळतात, एका माणसानं पक्कड दाबली की काम झालं. रुपरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की वामनरावांना घरी काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवलं.

भरीव रिपिटाला दोन माणसं लागतात. बाहेरचा हातोडीनं मारतो, आतला रिपिटाच्या शेपटाला जड लोखंड टेकवून धरतो, म्हणजे ते शेपूट चेपून गुंडीसारखं बसतं. त्या लोखंडाला डॉली म्हणतात. मधे पत्रा, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. कारखान्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोकून सांगतो. एक ठोका म्हणजे मी तयार आहे, मार. दोन म्हणजे चांगलं बसलं, पुढे चल. तीन म्हणजे बिघडलं, काढ. वर्कशॉपात म्हणत, बायको घरचे लोक पाहतात, पण आतला माणूस आपला आपण पाहावा. रुपरावांनी प्रेमानंदला पाहिलं होतं. प्रेमानंदला जाऊन पाच वर्षं होत आली.

“आतमधे मी राहते,” प्रेमिला म्हणाली. मेथी संपली होती.

रुपरावांनी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. डॉली मात्र प्रेमानंदकडेच राहिली होती. दुसऱ्या दिवशी प्रेमिला शेअर ऑटोत बसून कामठीला गेली. यशोधरावहिनींनी, म्हणजे प्रेमानंदच्या बायकोनं, ती ताबडतोब दाखवली. रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा, घासून घासून आरशासारखा केलेला, लिंबाच्या लोणच्यावर दाब म्हणून बरणीत बसलेला. वहिनींनी तो धुतला, पुसला, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसल्या, आणि मग लोणच्यासकट दिला. लोणचं आता वर येणारच होतं, खाऊन टाका म्हणाल्या.

जुने रिपिट काढायचं काम रुपरावांनी एकट्यानं केलं. तीन दिवस. ताडपत्री बाजूनं खाली सोडून, कोणी बघायला यायचं नाही. काम नाजूक असतं. रिपिटाच्या मुंडक्यावर बरोबर मधोमध खूण करायची, तेवढ्याच जाडीच्या ड्रिलनं फक्त मुंडकं उडवायचं, मग उरलेला दांडा हळूच आत ढकलायचा. ड्रिल जरा सरकलं की पत्र्यातलं भोक गोल राहत नाही. प्रेमिलाला ड्रिलचा आवाज ऐकू येत होता. मधेच तो थांबायचा आणि बराच वेळ थांबलेला राहायचा.

चौथ्या दिवशी सकाळी ताडपत्री काढल्यावर ती डॉली घेऊन डब्यात शिरली, बाकावर उभी राहिली, आणि तिला सगळं दिसलं. दार लोटल्यावर आत अंधार झाला आणि रिकाम्या भोकांमधून ऊन आलं. समोरच्या भिंतीवर उन्हाच्या टिकल्या पडल्या. काही गोल होत्या. पुष्कळशा तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट होत्या. आणि काही भोकांना पुट्टीची कड होती, कारण भोक वाकडं झालं म्हणून कोणीतरी ते पुट्टीनं बुजवून, वाळवून, पुन्हा पाडलं होतं. पुट्टीत धरलेला रिपिट म्हणजे शेणात रोवलेला खांब. एवढं तर तिलाही कळत होतं.

तिनं एक ठोका दिला.

बाहेरून हातोडी पडली. एक नीट, एक बाजूला, एक पत्र्यावरच. रिपिटाचं शेपूट सरळ न चेपता कुशीवर वळलं. प्रेमिलानं बोट फिरवून पाहिलं. नख आत जात होतं.

दोन ठोके द्यायला काही लागत नव्हतं. रोज सकाळी ती तेच तर करत होती, अर्ध्या कपानं. तिनं तीन ठोके दिले.

बाहेरची हातोडी खाली टेकली.

“काय झालं वं?”

“तीन ठोकले.”

“आयकलं. बरोबर पाह्यलं का?”

“बोट घालून पाह्यलं. निजलं हाये ते.”

त्यांनी तो काढला, दुसरा लावला. तीन ठोके. तिसरा लावला. तीन ठोके.

“तुले काय समजते रिपिटातलं?” रुपराव चिडले.

“काई नाई समजत. पाणी गार्गीच्या डोक्यावर पडन, एवढं समजते.”

शिडीच्या घोडीवरून उतरल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा ते चाकाला टेकून जमिनीवर बसले होते आणि उजवा हात डाव्यानं धरून ठेवला होता, गर्दीत पोराचा धरतात तसा.

“प्रेमानंद असता तं,” ते म्हणाले आणि थांबले.

“तं त्यानंबी तीनच ठोकले असते.”

“नाई वं. त्यानं दोन ठोकले असते.” त्यांनी वर छताकडे पाहिलं. “मागच्या टायमाले ठोकले. हीच लाईन होती. तवाच हात हलून राहिला होता माया. एकबी रिपिट बसला नोता, अन् हा आतून दोन, दोन, दोन. त्याले मालूम होतं. मलेबी मालूम होतं. तिथूनच गळून राहिलं ना हे.”

प्रेमिला त्यांच्याशेजारी बसली. सहा पावसाळे आपण ज्या थेंबांखाली पातेली मांडली, ते प्रेमानंदच्या मायेचे थेंब होते, हे कळून तिला हसावं की काय करावं सुचेना. ती हसली. मग त्यांनाही आलं, पण ते त्यांनी खोकला म्हणून काढलं.

“एका नंबरानं मोठे रिपिट लागतीन,” खोकला संपवून ते म्हणाले. “भोकं गोल करून घ्या लागन. सरळ हातानं.” मग हातोडी तिच्याकडे सरकवली. पाहिलं मात्र बोळीच्या टोकाकडे. “आतमधे मी जातो. डॉलीले ताकद लागते, अंगानं दाबून धरली की हात हलत नाई. मारणं तू मार.”

दुसऱ्या दिवशी मोठे रिपिट आले, तिनं भोकं गोल करून घेतली आणि मारायला लागली. पहिले सात रिपिट बिघडले, आणि सातही वेळा आतून तीन ठोके आले, जराही दयामाया न करता. आठव्याला तिनं आतल्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. आतून सूचना आली की मनगट सैल ठेव, तू कपडे नाई आपटून राहिली. नवव्याला तिनं मनगट सैल ठेवलं. दुपारपर्यंत एक वीतभर ओळ झाली. सरळ नव्हती, पण घट्ट होती.

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला फोन वाजला. अपेक्षा होती. एरवी रुपराव फोन प्रेमिलाकडे द्यायचे. आज त्यांनी आतच उचलला, आणि पत्र्याच्या अलीकडे घोडीवर उभ्या असलेल्या प्रेमिलाला त्यांचा एकेक शब्द ऐकू आला.

“हाव, काम चालू हाये. नाई, मी नाई मारून राहिलो. तुई आई मारते. मी आतमधे हावो, प्रेमानंदच्या जागेवर.” पलीकडून काहीतरी विचारलं जात होतं, आणि पुन्हा विचारलं जात होतं. “हलते हात. सहा वर्सं झाली. सांगतलं नाई, चुकलं. हे पाय बेटा, रडू नको अन् तिकिटं काढू नको. मे महिन्यात या म्हटलं ना, मे महिन्यातच या. पुण्याचं तवा बोलू. आता ठेवतो, ऊन चढून राहिलं, अन् तुई आई बाहेर उनात उभी हाये.”

प्रेमिलानं पदरानं मान पुसली आणि पुढचा रिपिट भोकात घातला.