दोघांनी ऐकलेला शेवट

मी एक जुना, सेलवर चालणारा रेडिओ आहे. मित्रांनो, बारामतीच्या बाजारातून आक्काबाईने मला आणले आणि वरकुटे हे गाव माझी कर्मभूमी झाले. साल एकोणीसशे ब्याण्णव असावे.

दर गुरुवारी सायंकाळी माझ्यावर ‘सावळ्याची वाट’ ही श्रुतिका लागे. रुसून गेलेला सावळ्या आणि त्याची वाट पाहणारी माता, असे ते कथानक होते. आक्काबाईचा मुलगा राम असाच रुसून ट्रकवर कामाला निघून गेला होता. म्हणून ती मला मांडीवर घेऊन ऐके.

मेंढरे चारायला कोकणात गेलेल्या गावच्या धनगरांचे श्रुतिकेचे भाग बुडत आणि ते परतल्यावर, गोष्टीत काय घडले यावरून वाद होत. सबब मेंढरांचाच नियम श्रुतिकेला लावण्यात आला. चुकार मेंढीची खूण दोघांनी ओळखावी, तरच ती कळपात घ्यावी. तसा भाग दोघांनी ऐकावा, तरच तो खरा धरावा.

शेवटच्या भागाला शेजारणीही येऊन बसल्या होत्या. त्यात दारात पाऊल वाजले आणि नेमके माझे सेल संपले.

“आला गं बया, पोरगा आला!” आक्काबाईने घरोघर साखर वाटली.

परंतु गावातल्या जोतीरामाने तो भाग बारामतीच्या हॉटेलात पूर्ण ऐकला होता. “आक्का, त्यो पोस्टमन हुता. पोरगा न्हाय आला.”

“तू एकट्यानं ऐकलंस. धरायचं न्हाय.”

“मोहनरावांनीबी ऐकलंय की माळेगावात!”

मोहनराव माळेगावच्या साखर कारखान्यात कामाला होते. रविवारी ते गावी येताच सर्वजण पारावर जमले. आक्काबाई मला छातीशी धरून उभी होती. मला तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते.

मोहनरावांनी तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “माझी कारखान्यात पाळी हुती, आक्का. मशिनीच्या घरघरीत काय ऐकू येतंय?”

“आत्ता! सकाळी तर मला समदं सांगितलंत,” जोतीराम ओरडला.

“सकाळी जरा घेतली हुती, गड्या.”

पार हशाने दणाणला. जोतीरामाचा पोस्टमन बाद झाला. तेव्हापासून वरकुट्यात सावळ्या घरी आलेला आहे. येताना त्याने आईला हिरवे लुगडे आणले, असे शेजारची गोजरबाई सांगते. हे माझ्या मुखातून कधीच आले नाही. पण दुसरी शेजारीण कुशाबाई हिनेही ते ऐकल्याचे सांगितले, म्हणून तेही खरे धरतात.

पुढे गावात टीव्ही आला आणि मी फळीवर गेलो. राम अद्याप आलेला नाही. गुरुवारी सांजवेळी आक्काबाई पदराने माझी धूळ पुसते, कान लावते आणि मला परत ठेवते.

मित्रांनो, यंत्र बिघडले तर अवश्य दुरुस्त करा. मात्र कुणी उराशी धरलेली गोष्ट दुरुस्त करायला जाऊ नका.