हिरव्या चिठ्ठीवरची सही

राजाजीनगरच्या जोगळेकरांच्या घरात कुठलंही यंत्र हिरव्या चिठ्ठीशिवाय राहिलं नव्हतं. विद्याधर जोगळेकरांनी सदतीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं तपासली होती. पास झालेल्या इंजिनाला सही केलेली हिरवी चिठ्ठी बांधायची, ही तिथली पद्धत त्यांनी घरी आणली. स्कूटरला चिठ्ठी, पंपाला चिठ्ठी, मिक्सरलासुद्धा चिठ्ठी, आणि सही दर वेळी त्यांचीच. कल्पनाबाईही काही कमी नव्हत्या. धातूंच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मोडकी पाती आणि तडकलेले बोल्ट बघून, ते का मोडले हे त्या सांगत आल्या होत्या. पण घरच्या चिठ्ठीवर सही करायला त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं.

बोट मात्र त्यांची हौस होती. त्या कारवारच्या. दोघांना झोपता येईल, चहा करता येईल अशी केबिनची बोट घ्यायची आणि काळी नदीतून थेट समुद्रापर्यंत जायचं, हे त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केलं होतं. नवी झेपणारी नव्हती, म्हणून दोघं जुनी शोधत होते. तीन महिन्यांत चार बोटी नापास झाल्या, तेव्हा बेळ्ळंदूरला राहणाऱ्या लेकीनं, ऋचानं, निर्वाणीचं सांगितलं, "आई, आज फायनल. आज नाही जमलं तर हे प्रकरण ड्रॉप करायचं. या वयात रिस्क नको." विद्याधररावांनीही मान डोलावली. कल्पनाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एक पिशवी भरून आल्या.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तिघं पोहोचली, तेव्हा दोन बोटी लाकडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या. दलाल गुरुप्रसाद बेळगावचा. "या की अक्का, या सर. दोन्ही कारवारच्या समुद्रातल्याच. पण ही बघा, एकदम फस्क्लास!"

पहिली पांढरीशुभ्र, चकचकीत. तिचं पेट्रोल इंजिन आत होतं आणि बोट ढकलणारा पंखा मागे बाहेर लटकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पायाला. दुसरी म्हातारी, रंग उडालेली. तिचं डिझेल इंजिन मधोमध, त्यातून सरळ लोखंडी दांडा बाहेर आलेला, आणि दांड्याच्या टोकाला काळाकुट्ट पितळी पंखा.

गुरुप्रसादनं रबरी नळीनं पाणी देऊन पांढरीचं इंजिन सुरू केलं. विद्याधररावांनी डोळे मिटून कान लावला. "वा! काय लयीत चाललंय! हीच."

त्यांनी खिशातून हिरवी चिठ्ठी काढली. सही आधीच केलेली होती! कल्पनाबाईंना राग आला, अगदी खराखुरा. सदतीस वर्षं या माणसानं तपासणीच्या टेस्ट-बेडवर नुसती इंजिनं ऐकली. इंजिनाच्या पुढं विमान असतं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"थांबा स्वल्प," त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी चमचा काढला आणि बाजारात नारळ वाजवून बघावा तसा तो ॲल्युमिनियमचा पाय वाजवायला सुरुवात केली. वर टणटण, टणटण. खाली, नव्या काळ्या रंगाच्या जागी, बद्द.

"अगं, काय चाललंय?"

त्यांनी केसांतली पिन काढून रंगाचा एक फुगवटा टोचला. आतून पांढरं पीठ भुरभुर खाली पडलं. खाऱ्या पाण्यानं पाय आतून खाल्ला होता आणि कुणीतरी वरून रंग फासला होता.

"अहो, तुमचं इंजिन गातंय खरं, पण हा पाय भर समुद्रात गळून पडला तर ते कुणासाठी गाणार? उथळ पाण्याला खळखळाट फार!"

गुरुप्रसाद एकदम पायांतल्या चपलांकडे बघायला लागला. विद्याधररावांचा चेहरा उतरला. ऋचा हळूच म्हणाली, "मग झालं, आई. दुसरी तर भंगारच वाटते. निघू या."

"निघायला मी आले नाही." कल्पनाबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत भिजवलेली चिंच होती.

पदर खोचून त्या म्हातारीच्या पंख्यापाशी बसल्या आणि देवघरातली समई घासावी तशा पातं घासू लागल्या. काळा थर निघाला आणि खाली लाल, तांबूस धातू दिसला.

विद्याधरराव खिन्नपणे म्हणाले, "लाल आहे गं. म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलं, नुसतं तांबं उरलं. पोकळ झालाय. तूच मला शिकवलं होतंस."

क्षणभर कल्पनाबाईंचाही हात थबकला. आता हेही गेलं, तर सगळंच गेलं. मग त्यांनी डब्याच्या झाकणातली रांगोळी चिमटीत घेतली.

"शिकवलं, पण अर्धंच लक्षात ठेवलंत. पितळेची भांडी कधी घासली असतीत तर कळलं असतं. चिंच लावली की चांगलं पितळही आधी लाल दिसतं. आजार असेल तर लाल तसंच राहतं. नसेल तर..."

त्यांनी जोर लावून रांगोळी घासली आणि बाटलीतलं पाणी ओतलं. पातं पिवळंधमक झळकलं. त्यांनी चमचा मारला. टण्ण! शेडभर आवाज घुमला.

"आई!" ऋचा किंचाळलीच.

विद्याधररावांनी कोट काढला. डिझेल इंजिनावर हात ठेवून ते थंडच आहे, पटकन सुरू व्हावं म्हणून आधी कुणी गरम करून ठेवलेलं नाही ना, हे बघितलं, दांडा हातानं फिरवला, तेल बोटांवर चोळलं. गुरुप्रसादनं नळी लावून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, एकदाच, आणि धकधकत चालू लागलं. गाणंबिणं काही नाही, जात्यासारखी घरघर. दहा मिनिटं ते ऐकत उभे राहिले.

"साधं, सरळ, मजबूत," ते शेवटी म्हणाले. "पण मी हिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं."

त्यांनी हिरवी चिठ्ठी काढली, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली, चिठ्ठी उलटी केली आणि पेनासकट बायकोपुढे धरली.

"तपासणी अधिकारी म्हणून तू सही कर."

कल्पनाबाईंनी चिंचेचे हात पदराला पुसले. त्यांनी आद्याक्षरं न लिहिता पूर्ण नाव लिहिलं: कल्पना विद्याधर जोगळेकर. शिडीनं वर चढून त्यांनी चिठ्ठी सुकाणूच्या चाकाला घट्ट बांधली. शेजारी भोंग्याचं बटण होतं. त्यांनी ते असं दाबलं की समोरच्या कारखान्यातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"सरी अक्का, बास की!" गुरुप्रसाद कानांवर हात ठेवून ओरडला.

त्यांनी भोंगा आणखी एकदा वाजवला.