दोनशे चौदा, हजर!

मी रुखमा, गावची आशा. टीबीची गोळी रोग्यानं माह्या डोळ्यासमोर गिळल्याशिवाय मी त्याच्या दारातून हलत नाई. लोक मले चिवट म्हनतात. म्हनोत बापा!

आमच्या गावातला इसरू दारूच्या पेट्या नदीपार, दारूबंदीच्या गडचिरोलीत नेताना सापडला आन चार महिने जेलात राह्यला. तिथीच त्याले टीबी निघाला, तिथीच गोळ्या सुरू झाल्या. सुटताना डॉक्टरनं माह्या नावानं चिठ्ठी देली. याच्यापासून आता कोनाले रोग लागत नाई, पन अजून दोन महिने एकबी गोळी चुकाची नाई.

पन त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, गावभर सांगून ठेवलं होतं का नवरा तेलंगणात मिरची तोडाले गेला. पोरीची, पिंकीची, सोयरीक पाहून राह्यले होते ना! "रुखमाबाई, सकाळी नोको येत जाऊ," ती म्हने. "काऊन येते म्हून लोक विचारतीन."

"मिरची लय झोंबली म्हून सांग," म्हनलं. "मी येनारच."

इसरूची एक अजब खोड. जेलात सकाळी आठ वाजता रांगेत उकिडवं बसवत, नंबर सांगाले लावत, गोळी गिळली का नाई ते जीभ वर करून पाहत. घरीबी त्याले तसंच लागे. नुसती हातात देली तं गोळी घशाखाली उतरतच नसे. मंग मी दरडावली, "तोंड उघड!" का हा पठ्ठ्या खाली बसे. "दोनशे चौदा, हजर!" गोळी गट्ट. जीभ वर, डावीकडं, उजवीकडं. मले हसू आवरत नसे.

पिंकीले पाहाले सावली गावचे पाहुने आले, ऊन चढाच्या आधी, सकाळीच. गुणाबाईनं मले फाटकातच अडवलं. "आजच्या दिवस सोड ना माय!"

"आज एक सोडली का उद्या दुसरी सुटते. बाजूले हो. मी तोंडातून शब्द काढत नाई, मंग तं झालं?"

खरंच, मी एक शब्द बोलली नाई. नुसती दारात उभी राह्यली. पन घड्याळात आठ वाजले होते. इसरूनं चहाचा कप खाली ठेवला आन पाहुन्यांसमोर उकिडवा बसला. "दोनशे चौदा, हजर!"

गुणाबाईनं पदरात तोंड खुपसलं. मले वाटलं, झालं, पोरीचं वाटोळं केलं मी.

नवरदेवाचे वडील, रामाजीभाऊ, पाहतच राह्यले. "मिरची तोडाले नंबर लागते का जी?" मंग माह्या हातातल्या गोळीकडं पाहून हळूच मले विचारलं, "किती गोळ्या बाकी?"

"आज धरून सदतीस."

"माहा लहान भाऊबी जेलातूनच टीबी घेऊन आलता, असाच नंबर सांगे. लोक काय म्हनतीन म्हून गोळ्या सोडल्या त्यानं. लपवता लपवता मेला." ते उठून इसरूजवळ आले. "गिळा आता. हं, जीभ दाखवा बरं." इसरूनं दाखवली. "ठीक हाये. सोयरीक पक्की. पन लग्न गोळ्या संपल्यावर. मले व्याही जित्ता पायजे."

शेवटच्या गोळीले अर्धं गाव अंगणात. मी दरडावली, "तोंड उघड!" इसरू खाली बसलाच नाई.

"नंबर?" म्हनलं.

"इसरू," तो म्हनला. "पिंकीचा बाप." आन उभ्यानंच गोळी गिळली.

मले रडूच आलं. म्हून जोरात ओरडली, "आन जीभ कोन दाखवीन?"