कोरड्या तलावातल्या सासूबाई

टाळेबंदी उठली आणि गाव एकेक दार करत उघडायला लागलं. आधी बेकरी उघडली, मग न्हाव्याचं दुकान, मग बँकेचं अर्धं शटर. आणि एका सोमवारी पोहण्याचा तलावही उघडला. फक्त त्यात पाणी नव्हतं.

त्याचं असं झालं, की तलाव उघडणारं खातं वेगळं आणि पाणी सोडणारं खातं वेगळं. पहिल्याने हुकूम काढला, दुसरं अजून विचार करत होतं. तलावावरच्या जीवरक्षकाला वरून एवढंच कळवलं गेलं, की तलाव सुरू, नियम पूर्वीचेच. या जीवरक्षकाला सगळे ‘शिट्टी’ म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी त्याने लग्नाच्या फोटोतसुद्धा काढली नव्हती. माणूस हुकमाचा ताबेदार. त्याने दार उघडलं, उंच खुर्चीवर चढून बसला आणि रिकाम्या निळ्या फरशांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागला. आपल्या पाळीत कोणी बुडायला नको.

आणि लोक आले की! घरात बसून बसून अंगाला गंज चढला होता. कुठलंही दार किलकिलं झालं, की माणसं आत शिरत होती. नियमाप्रमाणे त्यांनी टोप्या घातल्या, चष्मे लावले आणि आधी शॉवरखाली उभी राहिली, कारण अंघोळ केल्याशिवाय तलावात प्रवेश नाही. शॉवरला मात्र पाणी होतं, ते तिसऱ्या खात्याचं. त्यामुळे लोक तलावात ओले उतरत आणि कोरडे होऊन बाहेर येत.

नुसत्या फेऱ्या मारून किती मारणार? शिट्टीने बंद कँटीनमधली लोखंडी स्टुलं खोल बाजूच्या तळाला आणून मांडली. स्टुलावर पोट टेकून पालथं पडायचं आणि हातपाय मारायचे. निवृत्त पोस्टमन फुलपाखरी पद्धतीने हात मारायचे, बेकरीवाली उताणी पडून छताकडे बघत पोहायची. दम सगळ्यांना सारखाच लागायचा.

शिट्टीचं लक्ष मात्र थाऱ्यावर नव्हतं. त्याच्या सासूबाई टाळेबंदीआधी त्याच्याकडेच पोहायला शिकत होत्या. पाय छान मारायच्या, पण काठाची दांडी काही सोडायच्या नाहीत. अखेर एकदा म्हणाल्या, “सोमवारी सोडते, जावईबापू.” त्याच सोमवारी सगळं बंद झालं. मग एकट्या घरात राहता राहता त्या भिंतीला धरून चालायला लागल्या. पाय ठणठणीत, डॉक्टर म्हणाले, यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे. पण धास्तीने एकदा हात धरला, की ती सहजी सोडत नाही. उंबऱ्याबाहेर पडेनात.

“सगळं गाव उघडलं, माझी आई तेवढी बंद राहिली,” बायको म्हणाली. “अहो, तुम्ही सांगून बघा. लेकीचं ऐकत नाही, जावयाचं भिडेखातर ऐकेल.”

तो गेला. “आई, तलाव सुरू झालाय.”

“पाणी किती आहे?”

“पाणी नाहीये.”

सासूबाई विचारात पडल्या. “अजिबात नाही?”

“थेंब नाही.”

“मग येते.”

आल्या, पण कुंपणाकुंपणाने. जिथे कुंपण संपलं तिथे जावयाची बाही धरली. तलावात उतरल्या आणि दांडी पकडली. उतार सुरू झाल्यावर दांडी डोक्यावर गेली, तेव्हा दोन्ही तळवे फरशीला चिकटवून पालीसारख्या उभ्या राहिल्या.

“आई, सोडा आता. पाणी कुठंय इथे?”

“म्हणूनच धरलंय. पाण्यात पडले तर बुडेन. इथे पडले तर आपटेन.”

“आम्ही सगळे आहोत की,” पोस्टमन स्टुलावरून म्हणाले.

“तुम्ही स्वतःच पालथे पडलाय. मला काय सावरणार?”

शेवटी स्टूल त्यांना पटलं, कारण तेही धरण्यासारखंच होतं. भिंतीला खेटून ठेवलं. एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताने पोहायचं, आणि डोळे गच्च मिटलेले. डोळे मिटले की भीती दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिट्टी रोज त्या यायच्या आधी स्टूल वीतभर आत सरकवायचा.

“जावईबापू, भिंत लांब गेलीय का?”

“भिंत कुठे जाणार, आई?”

असं करत करत एक दिवस तो हात हवेत फिरला, आणि बेट्याला भिंत आठवलीच नाही. पण पोट अजून स्टुलावर होतं, आणि त्या दोन्ही पायांनी स्टुलाला असा विळखा घालायच्या, की उठवताना दोघांना ओढावं लागे.

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्याचा विचार करून झाला. हुकूम तळघरातल्या पंपवाल्याकडे गेला. पंपवाल्याने झडप उघडली. वर तलावात माणसं आहेत का, हे त्याने बघितलं नाही. रिकाम्या तलावात कोण पोहतं?

खोल बाजूच्या जाळीतून पाणी गुपचूप वर आलं. शिट्टीने बघितलं आणि हात आपोआप शिट्टीकडे गेला. पण तलावात पाणी येणं हे संकट धरायचं की नाही, याबद्दल नियमांत अवाक्षर नव्हतं. शिवाय शिट्टी वाजली, की सासूबाई डोळे उघडणार, भिंत गाठणार आणि पुन्हा जन्मात सोडणार नाहीत. त्याने शिट्टी दातांत धरली आणि ओठांवर बोट ठेवलं.

पोस्टमनच्या नाकाशी पाणी आलं होतं. उभा जन्म लोकांची गुपितं पोचवताना त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आत्ताही उघडलं नाही. बेकरीवालीने छताकडे बघत हात चालूच ठेवले. उठलं कोणीच नाही.

“आज अंग वाळेना,” सासूबाई पुटपुटल्या.

“हवा दमट आहे, आई,” शिट्टी वरून म्हणाला.

पाणी स्टुलाच्या वर चढलं. सासूबाईंच्या पायांचा विळखा सैल झाला, कारण पाण्यात अंगाला वजन उरलंच नव्हतं. स्टूल खाली राहिलं, त्या पुढे निघाल्या. हात, पाय, हात, पाय. पोस्टमनच्या बाजूने गेल्या, बेकरीवालीच्या बाजूने गेल्या, आणि समोरच्या भिंतीवर डोकं टेकलं तेव्हा उभ्या राहिल्या. मांडीपर्यंत पाणी. डोळे उघडून त्यांनी मागे बघितलं.

“जावईबापू, माझं स्टूल कोणी हलवलं?”

“आज नाही हलवलं, आई. जागेवरच आहे.”

त्यांनी स्टूल बघितलं, मग मधलं अंतर बघितलं, मग पाणी. पोस्टमननी श्वास रोखला; तसाही तो त्यांना रोखावाच लागत होता.

“म्हणजे आधी हलवत होतात,” त्या म्हणाल्या.

शिट्टीने मान खाली घातली.

“लेकीला सांगते थांबा. आणि ते स्टूल तसंच राहिलं, तर कोणाच्या तरी नडगीला लागेल.”

दोन्ही बाजूंना भिंती होत्या. तिकडे ढुंकूनही न बघता सासूबाई बडबडत पाणी कापत मधून निघाल्या, आपलं स्टूल आणायला. शिट्टीने शिट्टी तोंडातून काढली. तिच्यावर दात उमटले होते.