अर्धा श्वास

‘श्वास घ्या’ म्हटलं की मास्तरांची छाती भात्यासारखी फुगायची. उभी हयात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस; अर्धामुर्धा श्वास त्यांना ठाऊकच नव्हता. आणि आज नेमका तोच हवा होता.

डाव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी कर्करोगाची गाठ. उजव्याचा बराचसा भाग पूर्वीच काढलेला, त्यामुळे पुन्हा छाती उघडण्याची सोय नाही. बरगड्यांमधून सुई गाठीपर्यंत न्यायची आणि टोकाच्या उष्णतेने गाठ जागच्या जागी जाळायची, एवढाच मार्ग उरला होता. पण श्वासाबरोबर गाठ खालीवर सरकते. सुई पुढे नेताना दर वेळी श्वास एकाच जागी थांबायला हवा.

स्कॅनच्या टेबलावर सराव चालला होता.

“मास्तर, एवढा नको,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गाठ बरगडीमागे दडतेय.”

“कमीच घेतला की!”

“हा कमी?” काचेपलीकडून तंत्रज्ञ ताई माइकवर म्हणाली. “मग जास्त घेतलात तर छत उडेल.”

पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरबाईंनी टेबलाशी वाकून सांगितलं, “जमलं नाही तर थांबावं लागेल. पूर्ण भूल तुम्हाला झेपायची नाही.”

मास्तरांचा चेहरा पडला.

ताईने बाहेर बसलेल्या त्यांच्या पत्नीला काचेच्या खोलीत बोलावलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “श्वासाचं नावच काढू नका. मी रागावले की ते अर्ध्या श्वासातच थबकतात. माझं कधी संपतंय याची वाट बघत.”

ताईने माइक पुढे केला.

“अहो, कुंड्यांना पाणी कोण घालणार होतं?”

मास्तर थबकले. श्वास ना आत, ना बाहेर. पडद्यावर गाठ अगदी हवी तिथे.

“अगं, घातलं की!”

मग जागा बधिर करून सुई टोचली. ओला टॉवेल, उघडा राहिलेला नळ, पाहुण्यांसमोरचं घोरणं, सगळं निघालं आणि सुई थोडी थोडी आत सरकत गेली. शेवटचा टप्पा रक्तवाहिनीजवळचा. नेमकं तेव्हाच पत्नीला काही आठवेना. रागच संपला होता.

“अहो... एक सांगायचं राहिलंय.”

मास्तर ऐकायला थांबले. सुई गाठीत पोचली.

संध्याकाळी डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. गाठ भोवतालच्या कडेसकट जळली होती. फुप्फुसातून हवाही गळत नव्हती. त्या गेल्यावर मास्तरांनी पत्नीला विचारलं, “काय सांगायचं होतं?”

“रागावणार नाही ना? देवाकडे मी फक्त तुमचा श्वास मागितला. वाजवण्याचं काही बोललेच नाही. एकदम दोन मागायचा धीर होईना.”

मास्तरांनी छातीवरची पट्टी सांभाळत हात जोडले.

“बरं केलंस. उरलेलं मी मागतो. आता जरा गप्प बस.”