फाटलेली जागा

गाठ मोहरीच्या दाण्याएवढी होती आणि तिच्यातून निसटलेला दोऱ्याचा शेंडा काळपट पडला होता. तिने भिंग जवळ आणलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. गाठीपासून निघालेले टाके काठाच्या दुमडीवरून चालत गेले होते, बारीक, एकसारखे, आणि सगळे उलटे कललेले... चारचौघांचा टाका ज्या बाजूला झुकतो त्याच्या बरोबर उलट. डावखुऱ्या हाताचे. डावखुरे काय, दुनियेत पुष्कळ असतील, असं तिने स्वतःला समजावलं, पण थोडे साधे टाके, मग एक दुहेरी, पुन्हा थोडे साधे, पुन्हा एक दुहेरी, ही खोड काही दुनियेत पुष्कळांना नसते. ही खोड माझी. आईने लावलेली, म्हणे दुहेरी टाका घातला की उसवलं तरी पुढे पळत नाही.

तिने भिंग पालथं ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला, वाफेच्या इस्त्रीपलीकडे, तिचं टेबल. रफूच्या कामात तिचे केस पांढरे झाले. लोकांचे सिगरेटने जळलेले कोट, कसर लागलेल्या शाली, खिळ्यात अडकून फाटलेल्या पँटी. मालक गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो, "आमच्या बाईंनी रफू केलेली जागा शोधून दाखवा, धुलाई फुकट." आजवर कुणाला फुकट धुऊन मिळालेलं नाही. आणि काल दुपारी ती संग्रहालयातली बाई आली — आखूड केसांची, भरभर बोलणारी — आणि तिने पिशवीतून हे कापड काढून टेबलावर पसरलं. टेबल भरलं, तरी सहा रंगांचे सहा पट्टे दोन्ही बाजूंनी खाली लोंबत राहिले.

"समलिंगी लोकांचा इथला पहिला मोर्चा निघाला होता ना, तीस वर्षांपूर्वी, त्यातला झेंडा. कुणाच्या तरी माळ्यावर सापडला. नगरभवनाच्या जिन्यात टांगायचाय. मागून दांडा घालायला एक पट्टी लावून द्या, बस. आणि हे फाटलंय ना, त्याला अजिबात हात लावू नका. तेच तर महत्त्वाचं आहे."

पिवळ्या पट्ट्यातून हिरव्यात शिरलेली, तिरकी, वीतभर लांब फाटलेली जागा. ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. तेव्हा तिने मुद्दामच नीट पाहिलं नव्हतं, घडी घालून कपाटात ठेवून दिलं होतं, आणि घरी जाऊन जेवली, भांडी घासली, दादाला औषध दिलं, आणि प्रत्येक कामात मनाला बजावत राहिली की असे झेंडे पुष्कळ शिवले गेले असतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज भिंगाखाली मूठ उघडली.

भाड्याची खोली होती ती, शिडीची. शिडी म्हणजे माझी... तिला सगळे शिडीच म्हणायचे, दारातून आत येताना मान तुकवायची इतकी उंच. जमिनीवर कापड पसरलेलं, मी गुडघ्यांवर बसून शिवतेय, शिडी दुसऱ्या टोकाला कापड ताणून धरतेय, आणि तोंडाचा पट्टा चालू. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. "तू शिव, मी कौतुक करते," म्हणायची. काम वाटून घेतलं होतं आम्ही. हसता हसता टाका वाकडा गेला की ती म्हणायची, राहू दे, तेवढीच आपली सही. आणि मी तो उसवून पुन्हा सरळ घालायची, कारण वाकडा टाका मला तेव्हाही बघवत नव्हता.

मोर्चात माणसं तरी किती, एका बसमध्ये मावली असती. निम्म्यांनी टोप्या डोळ्यांवर ओढलेल्या. आधी बघे नुसते हसले, मग कुणीतरी थुंकलं, मग दोघे रस्त्यात उतरले आणि त्यांनी झेंडा धरून ओढला. कापड फाटल्याचा आवाज मी रोज ऐकते, धंदाच तो आहे... पण तो आवाज वेगळा होता, कारण कापडाच्या दुसऱ्या टोकाला शिडी होती आणि ती सोडत नव्हती. मग तिच्या तोंडावर काहीतरी बसलं. आम्ही पळालो, एका चपलांच्या दुकानात मागे खोक्यांमध्ये लपलो, आणि शिडी फुटक्या ओठाने हसत होती आणि मी थरथरत होते. त्यानंतर वर्षभरात ती नोकरीसाठी लांब गेली. "चल," म्हणाली. मी म्हटलं, दादाचं लग्न होऊ दे, मग येते. लग्न झालं, वहिनी आली, आणि वहिनी इतकी चांगली निघाली की घर सोडायला कारणच उरलं नाही.

वाफेची इस्त्री फुसफुसली आणि ती दचकली.

वहिनी! घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे, पडदे, दादाच्या सदऱ्यांच्या कडा, सगळीकडे हाच टाका. "आमच्या वन्संचं सगळंच उलटं," असं वहिनी पाहुण्यांना अभ्रा उलटून दाखवायची, लाडाने. आणि वहिनीला जन्माची सवय, कापड दिसलं की आधी काठ उलटून बघायचा. दुकानात, दवाखान्यात, परक्याच्या लग्नात सुद्धा. उद्याच्या सभेत झेंडा टांगायचा की नाही ते ठरणार होतं. गावात दुसरा विषय नव्हता, वाण्याकडे तेच, बसमध्ये तेच, शेजारच्या दोन सख्ख्या भावांनी त्यावरून बोलणं टाकलेलं. आणि नको म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे वहिनी. झेंडा टांगला गेला तर वहिनी जिन्यात भांडायला जाईल, भांडता भांडता काठ उलटेल... आणि मग? मग मी त्या घरात कुठल्या उशीवर डोकं ठेवू?

उसवायचं. सगळा काठ उसवायचा आणि मशीनची टीप मारायची. मशीनला डावं-उजवं नसतं. तिने बारीक कात्री घेतली, पहिल्या टाक्याखाली टोक सरकवलं आणि कापला. कट् असा एवढासा आवाज झाला, आणि समोरून वहिनीचा आवाज आला.

"अगं, डबा विसरलीस! लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?"

कात्री तिच्या मांडीवर पडली. वहिनी डबा ठेवायला जागा शोधत होती आणि टेबलभर जागा नव्हती.

"हाच का तो?" वहिनी म्हणाली. "आणि तुझ्याकडे आला? कमाल झाली बाई. आम्ही तिकडे घसा कोरडा करतोय आणि घरचंच माणूस त्याला ठिगळ लावतंय!" ती हसली आणि स्टूल ओढून बसली.

"नुसती मागून पट्टी लावायचीय," तिने वहिनीला सांगितलं. हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. तिने सुई घेतली.

"हे बघ, माझं माणसांशी भांडण नाही," वहिनी म्हणाली. "ज्याने त्याने आपापल्या घरात सुखाने राहावं, मी कोण बोलणारी? पण जिन्यात टांगून काय मिळवायचंय? पोरं-बाळं येतात-जातात. आणि म्हणे मारलं होतं! आपल्या गावात कधी कुणी कुणाला मारलंय? तुझा दादाही म्हणतो, असलं काही झाल्याचं आठवत नाही."

दादाला आठवत नाही. दादाला त्या दिवशी मी माझे पळताना फुटलेले गुडघे दाखवून सांगितलं होतं, जिन्यावरून पडले.

"हं," ती म्हणाली.

"उद्या सभेत हेच विचारणार आहे. कुणी पाहिलंय? पाहणारा एक तरी उभा करा म्हणावं. तू सांग, तू तर इथलीच, तेव्हा तरुण होतीस. ऐकलं होतंस काही?"

मान हलली. कुठल्या बाजूला हलली ते तिला स्वतःलाही कळलं नाही. वहिनी कितीतरी वेळ बोलत होती आणि तिला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता ओळखीचा सूर ऐकू येत होता, आजारपणात उशाशी बसून बोलायची तोच, मायेचा, आणि त्या सुराचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. परक्याचं सोसता येतं. हे गेलं तर... हात आपले चालू होते. धागा निघत होता, खाली जात होता, वर येत होता.

मग तिने पाहिलं की वहिनीने काठ उचललाय. सवयीने. अंगठा दुमडीवरून फिरवत चाललीय, बोलतेय, वाण्याबद्दल काहीतरी बोलतेय, अंगठा फिरतोय... आणि अंगठा थांबला. बोलणंही थांबलं. तिने सुईवरून मान वर केली नाही. इस्त्रीची वाफ सुटली, पुन्हा सुटली.

"जेवून घे," वहिनी म्हणाली. "गार होतंय." तिने काठ खाली ठेवला, हलकेच सारखा केला, आणि उठली. दारापर्यंत जाऊन वळली. "आणि संध्याकाळी लवकर ये. बोलायचंय जरा."

बोलायचंय. नळाचं असेल. मोरीतला नळ आठवडाभर गळतोय, त्याचंच असेल. वाण्याचं काहीतरी आठवलं असेल म्हणून थांबली असेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय... पण ती काठ सारखा का करून गेली? ती कधी सारखा करत नाही. उलटते आणि टाकते.

तिने डब्याकडे पाहिलं, मग हातांकडे, मग हातांखालच्या कापडाकडे. आणि तिला ती जागा सापडेना. पिवळ्यातून हिरव्यात गेलेली, तिरकी, वीतभर. तिने कापड उजेडात धरलं. पिवळा पट्टा अखंड होता. हिरवाही जवळजवळ सगळा, शेवटचे दोन-चार धागे तेवढे उघडे. वहिनी समोर बसून बोलत होती तो सगळा वेळ तिच्या हातांनी तेच केलं होतं जे ते फाटक्या कापडाला करतात. शिवणीच्या आत दुमडून राखलेल्या जादा कापडातून, मायेतून, त्याच कापडाचे धागे ओढून घेतले होते, लोंबते तुटके धागे कापून टाकले होते आणि उभ्या-आडव्याची जाळी भरली होती. इतकी सुरेख की तिला स्वतःलाच भिंग घ्यावं लागलं. जमिनीवर, पायांपाशी, कापलेल्या तुसांचा पुंजका पडला होता.

म्हणजे आता उसवूनही उपयोग नाही. उसवलं तर कात्रीचा सरळ काप दिसेल. ओढून फाटलेल्या कापडाला अशी कड नसते, शेंबड्या पोरालाही कळेल. पाहणारा एक तरी उभा करा... होता की, टेबलावर आडवा पसरलेला होता, आणि मी त्याचं तोंड शिवून टाकलं. ती रडली असती, पण मालक आला. त्याने कापड उचललं, मागून-पुढून पाहिलं. "अहो, इथे फाटलं होतं ना? वा बाई! याला म्हणतात हात!" आणि तो खूश होऊन पुढे गेला.

दुपारभरात तिने मागची पट्टी तेवढी लावली, काठ तसाच राहू दिला. संग्रहालयातली बाई दुकान बंद व्हायच्या जरा आधी आली. तिने पट्टी पाहिली, ठीक आहे म्हणाली, झेंडा उलटला आणि तिचे हात कापडावर शोधत राहिले, पिवळ्यावरून हिरव्यावर, पुन्हा पिवळ्यावर.

"कुठे गेलं?" ती म्हणाली. "बाई, मी तुम्हाला बजावलं होतं."

"चुकून झालं. हाताला कळलंच नाही."

"चुकून?" ती बाई मटकन वहिनीच्या स्टुलावर बसली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "फोटो आहेत माझ्याकडे. पण उद्या म्हणतील, तुम्हीच फाडलंत आणि फोटो काढलेत. माणूस तर एकही पुढे येत नाही. ज्यांना विचारावं ते म्हणतात, आम्ही तिथे नव्हतो." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "नक्की कुठून कुठपर्यंत होतं, तेवढं तरी दाखवता?"

दाखवता येणार नाही म्हणावं. दिसत नाही म्हणावं. खरंच दिसत नाही. घरी वहिनी वाट बघतेय, बोलायचंय म्हणून, आणि ती काय बोलणार आहे ते मला माहीत नाही. कदाचित नळ, कदाचित... तिने बोट पिवळ्या पट्ट्यावर ठेवलं.

"इथून. वरून खाली गेलं. त्या बाजूने दोघे ओढत होते आणि..." दुसऱ्या हाताने तिने अलीकडची कड धरली. "आणि या बाजूने एकटीच होती. उंच होती. तिने सोडलं नाही म्हणून फाटलं, नाहीतर नुसतं हातातून निसटलं असतं."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण बोललो. संग्रहालयातली बाई चष्मा हातात धरून तिच्याकडे बघत होती. समोर मालकाने अर्धं शटर ओढलं आणि दुकानात एकदम अंधारून आलं. चपलांच्या दुकानातही मी इतकी घाबरले नव्हते, तेव्हा शेजारी शिडी तरी होती. बोट अजून पिवळ्या पट्ट्यावर होतं. उचलावं, डबा घ्यावा, घरी जावं, असं तिच्या मनात आलं आणि बोट उचललं गेलं नाही. समोरच्या बाईचे ओठ हलले, मिटले. "तुम्ही तिथे होतात?" असं विचारू की नको, अशा घोळात ती असावी, बिचारी, भिडस्त दिसते. आता ही भिडेपोटी गप्प बसली तर, "असू दे" म्हणून कापड गुंडाळून निघून गेली तर? आपणहून सांगण्याएवढा जीव माझ्यात नाही, तो आता येणारही नाही. पण विचारलंस तर मी खोटं बोलणार नाही. विचार गं. शटर पडायच्या आत विचार.